डॉ. कोटणीसांच्या चिनी नावातलं 'के' कुठलं?

शेंगाचटणी: पाहुण्यांना सोलापूरच्या भैय्या चौकातलं कोटणीस स्मारक दाखवलं, तेव्हापासून डोक्यात बसलंय, चीनमध्ये त्यांना के दिहुआ म्हणायचे तर ते 'के' खरंच तिकडचं आडनाव आहे का नुसतं 'को' बघून चिकटवलं?

हुरडापार्टी: दोन्ही की. उच्चार जुळतो म्हणून घेतलं, पण आडनाव अस्सल जुनं. चिन्हात डावीकडं झाड, म्हणजे लाकूड, उजवीकडचा भाग निव्वळ आवाजापुरता. इ.स. १००च्या सुमाराच्या चिनी कोशात अर्थ दिलाय कुऱ्हाडीचा दांडा. घराण्याचं मूळ चीनमधल्या प्राचीन वू राज्यातल्या राजपुत्रापाशी नेतात, आता वंशावळीचं काय, आपल्याकडंबी कोण राजाच्या खाली उतरत नाही 😄

शेंगाचटणी: दांडा व्हय! मग दिहुआ?

चादरवाला: 'हुआ' म्हणजे चीन, १९३८ला भारतातून चीनला मदतीला गेलेल्या, कोटणीसांसकट पाचही डॉक्टरांच्या नावाला शेवटी तेच लावलेलं.