मदत हवी आहे: पेट माझे सगळे एक्सपी खातोय का?

तिरकमठा
तीन दिवस झाले, डोकं फिरायची वेळ आलीय. गेममध्ये नवा पेट (माझ्यासोबत लढणारं पाळीव जनावर) घेतला. रोज दोन-दोन तास त्याला घेऊन मॉब (गेममधले शत्रू) मारतोय आणि माझा एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे पॉइंट) बार जागचा हलत नाही. आधीच्या पेटबरोबर असं कधीच झालं नव्हतं. पेटवाल्या क्लासमध्ये (पात्राच्या प्रकारात) एक्सपीची वाटणी होते तरी कशी? पेट अर्धे घेतो की सगळेच? कुठलं सेटिंग बदलायचं असेल तर तेवढंच सांगा. आज रात्री परत बसणार आहे, लवकर सांगा.

रातकिडा
कोणता गेम?

कोळीष्टक
गेम, क्लास, तुमचं लेव्हल, पेटचं लेव्हल. एवढं सांगितल्याशिवाय कोणीही काहीही सांगेल.

जुनाजाणता
पेट एक्सपी खातो, यात नवल काय? फायनल फँटसी ११ मी २००२ पासून खेळलोय, बीस्टमास्टर म्हणून. जनावर चार्म (वश) करायचं, त्याला मॉबवर सोडायचं आणि मॉब मरायला टेकला की जनावराला मोकळं करून शेवटचा घाव आपण घालायचा. पेट सोबत ठेवून मॉब मारला की एक्सपी कापले जायचे. त्यात चार्म मध्येच सुटला तर तेच जनावर आपल्या अंगावर. तेव्हा मॉब मरायच्या आत पेट बाजूला काढा. तुमचा प्रश्न तिथेच सुटेल.

तिरकमठा
गेम वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक, म्हणजे जुनी आवृत्ती. हंटर (शिकारी) आहे, लेव्हल ३०. पेट लांडगा. जुनाजाणता, तुम्ही म्हणता तसं काल रात्री करून पाहिलं. मॉब मरायच्या आधी पेट डिसमिस केला (परत पाठवला). तरी शून्य.

रातकिडा
जुनाजाणता, तो गेम वेगळा, हा वेगळा. एका गेमचा हिशेब दुसऱ्याला लावू नका. वॉरक्राफ्टमध्ये हंटरच्या पेटचे एक्सपी वेगळे मोजतात, तुमच्या वाट्यातून एक पॉइंटही जात नाही. पार्टीतही (गटाने खेळतानाही) पेट माणूस म्हणून धरत नाहीत. तिरकमठा, पेट डिसमिस अजिबात करू नका. मॉब मरताना तो जिवंत आणि जवळ नसला तर त्याला काहीच मिळत नाही.

जुनाजाणता
मी खेळलोय म्हणून सांगितलं. पेट क्लासला कुठे ना कुठे किंमत मोजावीच लागते, हे तत्त्व सगळीकडे सारखंच आहे.

रातकिडा
नाही हो. गिल्ड वॉर्समध्ये रेंजरचा पेट २० लेव्हलपर्यंत स्वतःचा स्वतः वाढतो, ११ आणि १५ ला त्याचा टप्पा बदलतो. डायब्लो २ मध्ये नेक्रोमन्सरच्या सांगाड्यांनी मारलेल्या मॉबचे एक्सपी आपल्यालाच मिळतात आणि सांगाडे वाढतात ते स्किलमध्ये पॉइंट घातल्यावर. प्रत्येक गेममध्ये वेगळी रीत.

काजळमाया
हंटरच्या नादी लागूच नका. वॉरलॉक (डेमन बाळगणारा जादूगार) घ्या. माझा डेमन कायम माझ्याच लेव्हलचा असतो, त्याला ना एक्सपी लागतात ना खायला घालावं लागतं. हंटरचं म्हणजे लहान मूल सांभाळल्यासारखं. मी दोन्ही खेळलेय, हे अनुभवाने सांगतेय.

कोळीष्टक
काजळमाया, त्यांनी क्लास बदलू का असं विचारलेलं नाही. ३० लेव्हलचा हंटर टाकून पहिल्यापासून सुरू करायचं का?

काजळमाया
पुढे हाच त्रास साठ लेव्हलपर्यंत होणार आहे, म्हणून बोलले.

हिरवळ
तुम्ही त्याला खायला घालता का? पेट खूश नसला की काहीच नीट होत नाही. स्क्रीनवर त्याची खुशी दाखवणारा चेहरा हिरवा आहे का बघा.

रातकिडा
हिरवळताई, त्याने डॅमेज बदलतो. खूश असला तर १२५ टक्के, नाराज असला तर ७५. मालकाच्या एक्सपीशी त्याचा संबंध नाही. पण खायला घाला हे बरोबरच, नाहीतर कंटाळून पळून जाईल.

डावखुरा
पेटला एक्सपी लागतातच कुठे? माझ्या हंटरचा पेट आपोआप माझ्या लेव्हलला येतो. आणि बॅटल पेटबद्दल (फक्त दुसऱ्या पेटशी लढणारे छोटे पेट) विचारत असाल तर तिघांच्या टीममध्ये कमी लेव्हलचा पेट पहिल्या फेरीला उतरवायचा आणि लगेच बदलायचा. लढाईत भाग घेतला की त्याला वाटा मिळतो. २५ पर्यंत पटापट नेता येतात.

कोळीष्टक
डावखुरा, तुम्ही नव्या आवृत्तीचं सांगताय, हे क्लासिक आहे. बॅटल पेट तर क्लासिकमध्ये नव्हतेच.

तिरकमठा, दोन गोष्टी राहिल्यात. पेटचं लेव्हल किती? आणि मारताय ते मॉब कितीचे?

तिरकमठा
पेट २१. डस्कवुडमध्येच (गेममधला एक भाग) पकडला आणि तिथलेच लांडगे मारतोय, २० ते २२ चे. तो लहान आहे, मोठ्या मॉबसमोर टिकणार नाही, म्हणून त्याच्या लेव्हलचे निवडले. यात काय चुकलं? मध्ये एक दिवस मित्र आला होता, ६० लेव्हलचा मेज (जादूगार). त्याच्याबरोबर मोठे मॉब मारले तेव्हा मला थोडेफार एक्सपी आले, पेटला जवळपास नाहीच.

कोळीष्टक
सापडलं. त्या लांडग्यांवर क्लिक केल्यावर त्यांचं लेव्हल राखाडी रंगात दिसतं ना? ३० च्या खेळाडूला २२ आणि त्याखालचा प्रत्येक मॉब राखाडी असतो. राखाडी मॉबचे तुम्हाला शून्य. आणि ज्या मॉबचं मालकाला काही मिळत नाही, त्याचं पेटलाही मिळत नाही, पेट कितीही लहान असला तरी. पेटने काही खाल्लेलं नाही, तिथे वाटायला काही नव्हतंच.

तुम्ही त्याच्या लेव्हलचे मॉब शोधलेत, ही काळजी मला कळते, मीही पहिल्या मांजरीला असंच घेऊन फिरलो होतो. पण मॉब तुमच्या लेव्हलकडे बघून निवडायचे. २५-२६ चे घ्या. हिशेब साधा आहे: तुमच्याच लेव्हलचा मॉब असेल तर लेव्हल गुणिले ५ अधिक ४५. म्हणजे ३० ला १९५. मॉब जितका खाली, तितके कमी होत जातात. २६ च्या मॉबचे १३० यायला हवेत, विश्रांतीचा बोनस नसेल तर. बोनस असेल तर दुप्पट.

आणि मित्राला पार्टीत घेऊ नका. पार्टीत वाटणी लेव्हलच्या प्रमाणात होते, ६० वाल्याच्या नावे मोठा हिस्सा जातो. शिवाय तो लांबूनच मॉब मारणार, तुमचा लांडगा पोचेपर्यंत सगळं संपलेलं.

रातकिडा
+१. फक्त २६ च्या मॉबसमोर २१ चा पेट लवकर मरतो. आधी त्याला ग्राउल (मॉबचं लक्ष स्वतःकडे ओढणारी गुरगुर) मारू द्या, मॉब त्याच्यावर टिकला की मग बाण सोडा. मेंड पेट (पेटला बरं करणारं स्किल) हाताशी ठेवा. एका वेळी एकच मॉब. आणि क्वेस्ट (गेमने दिलेलं काम) जमा केल्याचे एक्सपी पेटला मिळत नाहीत, फक्त मारल्याचे.

जुनाजाणता
राखाडीचं माझ्या ध्यानात आलं नाही. आमच्याकडे पेटचं लेव्हल आपल्यापेक्षा जास्त असलं की घोळ व्हायचा, म्हणून मी तिकडेच बघत होतो.

तिरकमठा
आत्ताच करून आलो. पहिला मॉब २६ चा. मारल्यावर चॅटमध्ये १३०. अगदी १३०! लांडग्याचाही बार सरकला. दोनदा मेला, तिसऱ्यांदा कोळीष्टक आणि रातकिडा म्हणाले तसं केलं, ग्राउल लागेपर्यंत थांबलो, मग एकदाही नाही. आता २२ ला पोचलाय. कोळीष्टक, तुमचे उपकार.

एकच अजून. ट्रेनरकडे गेलो तर त्याला काही शिकवता येत नाही, शिकवायचे पॉइंट शून्य दाखवतंय. लेव्हल वाढलं तरी?

कोळीष्टक
पेटच्या निष्ठेची (लॉयल्टी) पातळी कितवी आहे?

तिरकमठा
पहिली.

कोळीष्टक
मग शून्यच येणार. निष्ठेच्या पातळीतून एक वजा करायचा आणि त्याला पेटच्या लेव्हलने गुणायचं. दुसरीला गेला की २२ मिळतील. आता हिरवळताईंचं ऐका, खायला घाला.