शनिवारी 'ला योरोना' लावायचा का?

देशपांडे काका (ए-१०४): मेधा, क्लबहाऊसमध्ये भुताचा पिक्चर? अगं, आमच्यासारखी म्हातारी माणसं असतात. काहीतरी हलकंफुलकं लाव.

मेधा (सी-५०२): काका, एकदा ऐकून तर घ्या. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाचा सिनेमा आहे, २०१९ चा, दिग्दर्शक हायरो बुस्तामान्ते. तिथे १९६० ते १९९६ यादवी युद्ध चाललं. दोन लाखांच्या आसपास माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, त्यांत बहुतेक माया आदिवासी. १९८२-८३ मध्ये तेव्हाचा लष्करी हुकूमशहा जनरल रिओस माँटच्या सैन्याने इशिल या माया लोकांची गावंच्या गावं जाळली.

रोहन (बी-३०३): त्याला शिक्षा झाली होती ना?

मेधा: १० मे २०१३ ला. १,७७१ इशिल लोकांच्या हत्या, वंशसंहाराचा गुन्हा सिद्ध, एकूण ८० वर्षं. बलात्काराची साक्ष द्यायला बायका तोंडं झाकून उभ्या राहिल्या होत्या. आणि दहाच दिवसांत वरच्या कोर्टाने निकाल रद्द केला! २०१८ मध्ये तो वारला.

सुनंदा काकू (ए-२०१): बाई गं. मग सरळ डॉक्युमेंटरीच दाखव ना. भूत कशाला?

मेधा: काकू, ला योरोना म्हणजे तिकडच्या दंतकथेतली रडणारी बाई. नवऱ्याने टाकलं म्हणून तिने पोटची मुलं बुडवली, असं पिढ्यानपिढ्या सांगतात. दोष आईचा. बुस्तामान्तेने गोष्टच फिरवली, इथे मुलं सैनिक बुडवतात. निकाल रद्द होऊन सिनेमातला जनरल घरी येतो, बाहेर लोक मृतांचे फोटो घेऊन उभे, माया नोकर काम सोडून जातात. मग नवी मोलकरीण येते, आल्मा. जनरलला रात्री रडणं ऐकू येतं. त्याची बायको साक्षीदार बायकांना नावं ठेवणारी, पण आता तिला स्वप्नं पडतात आणि स्वप्नात जिची मुलं बुडवली ती आई म्हणजे ती स्वतःच असते. डॉक्युमेंटरी लावली असती तर ही बाई उठून गेली असती. स्वप्नातून कुठे जाणार?

रोहन: पण खऱ्या मरणांची करमणूक होत नाही का?

मेधा: होऊ शकते, म्हणून मीही धास्तावूनच बघायला बसले होते. कितीतरी अमेरिकन भयपटांत आदिवासींची दफनभूमी म्हणजे गोऱ्या कुटुंबाला छळणारी जागा, तिथे पुरलेल्यांची गोष्ट कुणी सांगतच नाही. इथे एक इशिल आजी कोर्टात स्वतःच्या भाषेत साक्ष देते, कॅमेरा सावकाश मागे सरतो, बस. भूतबित काही नाही. मी सगळ्यात जास्त तिथे हादरले. शांततेचं नोबेल मिळालेल्या रिगोबेर्ता मेंचूही सिनेमात दिसतात.

देशपांडे काका: लाव मग. लहान मुलांना मात्र आणू नका रे. आणि संपल्यावर लगेच पळू नका, मला बोलायचंय.

सुनंदा काकू: सबटायटल्स इंग्रजीत ना? मला भराभर वाचता येत नाहीत.

मेधा: मी तुमच्या शेजारी बसते काकू, हळू आवाजात सांगत जाईन.