टी लावून पाणी वाटू नका
दादा, तुमच्या जेट स्कीचा एक्झॉस्ट बदलल्यापासून त्याच्या नळ्या जोडणारा रबरी कप्लर करपतोय म्हणालात, आणि वरच्या प्रतिक्रियेत एकांनी थंड करायच्या पाण्याच्या एकाच नळीला टी (तीन तोंडांचा जोड) लावून अर्धं पाणी सिलिंडरला, अर्धं एक्झॉस्टला द्यायला सांगितलंय. असं करू नका. पाणी कधी अर्धं-अर्धं होत नाही, वाट मोकळी असेल तिकडे पळतं.

पंपाकडूनच दोन स्वतंत्र नळ्या घ्या. एक सिलिंडरमधून हेडकडे, म्हणजे त्याच्या वरच्या झाकणाकडे, खालून वर. बाहेर पडायची जागा सगळ्यात उंच हवी, नाहीतर हवा अडकते आणि हेडमध्ये वाफ धरते. दुसरी एक्झॉस्टच्या जॅकेटला, म्हणजे भोवतीच्या पाण्याच्या कवचाला. तिथून शेवटच्या निमुळत्या नळीत बारीक जेटमधून (छोट्या भोकाच्या तोटीतून) थोडंसंच पाणी सोडायचं, रबर वाचेल इतपत. थेट एक्झॉस्टच्या फुगीर चेंबरमध्ये जास्त ओतलंत तर गॅस थंड होतो, दाबाची लाट मंदावते आणि वरच्या आरपीएमला गाडीचा दम जातो. टू-स्ट्रोकचं सगळं गणित त्या लाटेवर.

उजनी धरणात चालवत असाल तर नळीत गाळणी बसवाच. जलपर्णीची मुळं, गाळ, काय वाट्टेल ते येतं. मी एकदा जेट उघडला तर भोकात ज्वारीच्या कणीएवढा खडा. तेवढ्याने कप्लर गेला होता!

घरी नळाला जोडून धुताना आधी इंजिन चालू करा, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलट केलंत तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये शिरतं. आणि बोअरचं पाणी नको, आमच्याकडे त्याच्या क्षाराने जेट बुजतो.

हेडवरची बाहेरची नळी कुठून काढलीय, त्याचा फोटो टाका.