‘अडचण’ म्हणजे नेमकं काय? (महिला बराकीतली सूचना)

मीनल_ठाणे: स्त्री बंद्यांविषयीचे बँकॉक नियम (संयुक्त राष्ट्रे, 2010) मराठीत करते आहे. सध्या नियम 5 वर आहे: पॅड मोफत द्यायचे, पाणी नियमित द्यायचं, विशेषतः स्वयंपाकाचं काम असणाऱ्या, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि पाळी चालू असलेल्या बायकांना. खाली मी लिहिलं, ‘काही अडचण असल्यास मॅडमना सांगावे.’ बराकीत वाचून दाखवलं. पन्नाशीच्या एक मावशी म्हणाल्या, “माझी अडचण कधीच बंद झाली, ताई. मला नाही यातलं काही लागायचं.” दोन रात्री दाढेच्या ठणक्यानं त्यांना झोप नव्हती, ते मात्र बोलल्या नाहीत! गालाला पदर दाबून बसलेल्या दिसल्या, तेव्हा मी विचारलं. आता कोणता शब्द घालू?

श्रीधरपंत: अडचण हे ‘अडणे’वरून. पाळीचा अर्थ मागाहून आडपडद्यापोटी चिकटला. त्यापायी मूळ शब्द सोडू नये. अगदीच बदलायचा तर ‘गाऱ्हाणे’ लिहा. ‘तक्रार’ अरबी आहे.

कल्याणी_नांदेड: मागाहून कशावरून? माझी आजी दुसरा शब्दच वापरत नसे. आणि ‘तक्रार’ अरबी म्हणून नव्हे, आत तक्रार केली की तक्रारखोर म्हणून नाव होतं, म्हणून नको.

गिरीश_बेळगाव: कानडीतही ‘अडचणे’ आहे, अर्थ अडथळा. गुजरातीत ‘अडचण’ पाळीलाही म्हणतात. तेव्हा पंत, नुसत्या मराठीपुरतं बघून चालणार नाही.

सुजाता_वि: मी दोन वर्षं बराकीत शिवण शिकवायला जात होते. तिथे ‘पाळी’ म्हटलं की आधी नळावरचा नंबर. तरुण मुली म्हणतात ‘डेट’, तर जुन्या बायका दचकून विचारतात, कोर्टाची का? पाळीच्या कापडाची घडी मागायची तर खुणेनं. शब्दच नसेल तर मागणार कशी?

मीनल, ‘काय हवं-नको ते सांगा’ असं लिहा. माहेरी आलेल्या बाळंतिणीचं आपण हवं-नकोच बघतो ना? त्यात पॅड येतं, दाढ येते, लेकराचं दूधही येतं. 2006 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं. त्याचं हवं-नको कोण बघणार?

श्रीधरपंत: भावना पोचली. पण कारागृहाची सूचना आहे, माहेरचा निरोप नव्हे. ‘गरजा’ म्हणा.

कल्याणी_नांदेड: गरजही अरबीच, पंत. शिवाय गरज म्हटलं की माणूस गरजवंत होतो, आणि गरजवंताला अक्कल नसते हे आपणच म्हणतो. पॅड हा त्यांचा हक्क आहे.

गिरीश_बेळगाव: आणि कारागृह कशाला? तुरुंग म्हणा. पोर्तुगीज ‘त्रोंकू’वरून आलाय, खोडा (कैद्याचे पाय अडकवायचा) या अर्थाचा.

श्रीधरपंत: त्रोंकू म्हणजे झाडाचं खोड. खोड आणि खोडा यांचं नातं पाहा! यावर वेगळा धागा काढायला हवा.

मीनल_ठाणे: पंत, सूचना सोमवारी छापायला जाते आहे. मावशींना ‘हवं-नको’ वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, “यात दाढ धरतात का?”

गिरीश_बेळगाव: खोडा घालणे, खोड मोडणे… दोन्ही एकाच धातूवरून असतील?