जुन्या परातीचे तीन थरांचे तबक करताना भोक पाडावे की नाही?

प्रश्न : धरमपेठ, नागपूर

संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी तीन थरांचे सजावटीचे तबक घरीच करण्याचे ठरवले आहे. दुकानातील तयार टियर ट्रे पाहिले. पण त्यांचा पत्रा पातळ असतो आणि वरचा सोनेरी रंग नखानेही निघतो. म्हणून इतवारीत भांड्यांच्या ओळीत मोडीसाठी आलेल्या ढिगातून आणि एका भंगारवाल्याकडून काही वस्तू निवडून आणल्या. बारा इंची पितळी परात, नऊ इंची चिनीमातीची निळ्या वेलबुट्टीची बशी, सहा इंची जर्मन सिल्व्हरची तबकडी, काचेचे एक जाड मेणबत्तीदान आणि समईचा सुटा दांडा, इतके साहित्य हाताशी आहे.

सर्वत्र सांगितली जाणारी पद्धत म्हणजे तिन्ही ताटल्यांना मधोमध भोक पाडून त्यांतून आटे असलेली सळई ओवणे. परंतु परातीच्या मध्यभागी ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेले कुणाचे तरी नाव आणि गाव आहे. हे कुटुंब माझ्या ओळखीचे नाही, तरीही त्या अक्षरांवर ड्रिल ठेवायला मन धजत नाही. भोक न पाडता तिळगुळाचे वजन पेलेल इतकी भक्कम रचना करता येईल का? समईचा दांडा अशा कामाला वापरणे योग्य ठरेल का? आणि या वस्तूंवर खाण्याचे पदार्थ थेट ठेवता येतील का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : हिंगणा रोड, नागपूर

ताई, माझा व्यवसाय धातुकामाचा आहे, त्यामुळे आधी भोकाविषयीच लिहितो. परातीला पाडले नाही तरी एखाद्या साध्या ताटलीला पाडावे लागेल. पितळेत साधे ड्रिल एकदम रुतते आणि पातळ पत्रा वर ओढून घेते. पत्रा हातात धरला असेल तर तो गरकन फिरून बोटे कापू शकतो. म्हणून ड्रिलची कापणारी धार सहाणेवर किंचित बोथट करून घ्यावी, ताटलीखाली लाकडी फळी ठेवावी, दोन्ही शिकंज्यात घट्ट आवळावीत आणि आधी बारीक भोक पाडून मगच ते सहा मिलिमीटरपर्यंत वाढवावे. मध्य काढण्यासाठी ताटलीच्या आकाराचा गोल कागद कापून दोनदा दुमडला की घड्या जिथे छेदतात तोच मध्यबिंदू.

चिनीमातीला हिऱ्याच्या कणांचा लेप असलेले पोकळ ड्रिल लागते. वेग कमी ठेवावा, ठोके देणारी सोय बंद असावी आणि भोकावर सतत पाणी राहावे. मात्र विजेच्या यंत्राजवळ पाणी वापरायचे असल्याने हे काम सराव असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे. पांढऱ्या ओपलवेअरच्या बशा बहुधा टफन केलेल्या असतात. त्यांना भोक पाडू लागल्यास संपूर्ण बशीचे तुकडे होतात, तेव्हा त्या वाटेला जाऊच नये. नट आवळताना बशीच्या दोन्ही बाजूंना रबरी वायसर घालावा आणि हाताने जेवढा आवळेल तेवढाच आवळावा.

आपल्या परातीवर नाव आहे, तर ती मात्र मी फोडणार नाही.

उत्तर : महाल, नागपूर

मी अनेक वर्षे जुनी भांडी जमवते आणि माझे मत ठाम आहे : जी वस्तू उद्या पुन्हा परात म्हणून वापरता येणार नाही, ती सजावटीसाठी बिघडवू नये. लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव, गाव, कधी तारीख आणि ‘सप्रेम भेट’ असे कोरून घेण्याची आपल्याकडची रीत आपण सर्व जाणतो. कुठल्या घरात कोणती सून आली, तिला कुणी काय दिले, हे अनेकदा फक्त त्या ठिपक्यांतच उरलेले असते. अशी परात मोडीत गेली की वितळते. आपण ती वाचवली आहे, मग तिच्या नेमक्या मध्यावर भोक कशासाठी?

भोक न पाडता थर रचण्याचे साधन आपल्याच घरांत पूर्वीपासून आहे, ते म्हणजे अडणी. ताटाखाली ठेवायची तीन पायांची पितळी अडणी मोडीच्या ढिगात सहज सापडते. परातीत मध्यभागी उंच अडणी ठेवून तिच्यावर बशी बसवली की पहिला टप्पा झाला. अडणीचे तीन पाय नावाच्या अक्षरांभोवती टेकतात, त्यामुळे वाचणाऱ्याला नावही दिसत राहते. पुरेशी उंच अडणी न मिळाल्यास पितळेचा गडवा पालथा घालावा. त्याचे रुंद तोंड खाली आले की तो चांगला बसतो. जुना पोळपाटही मधल्या थरासाठी उत्तम, कारण त्याला पाय आधीच असतात. फक्त लाकडाला बारीक छिद्रे आणि खाली पिठासारखा भुसा दिसला, तर कीड अजून जिवंत आहे असे समजून तो घरात आणू नये.

वरच्या थरासाठी मेणबत्तीदान वापरता येईल, पण ते एपॉक्सीने चिकटवू नका. पितळ तापल्यावर काचेच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते आणि जर्मन सिल्व्हरही काचेपेक्षा बरेच अधिक. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. असा सांधा उन्हाच्या खोलीत राहिला, तर एपॉक्सी ताठ असल्याने ताण काचेवर येतो आणि सांधा सुटतो किंवा काच तडकते. त्याऐवजी पारदर्शक सिलिकॉनचे चार-पाच ठिपके लावून एक दिवस हलवू नये. सिलिकॉन लवचीक राहते आणि नको झाल्यास पातळ दोरा आरपार ओढून ते कापता येते, वस्तू जशीच्या तशी मोकळी होते.

समईविषयी आपले मन विचारते आहे, ते योग्यच आहे. समई पूर्ण असेल तर ती देवासमोरच असावी. पण आपल्याकडचा दांडा सुटा आहे, वरचे तेलाचे पात्र नाही आणि बैठकही नाही. वेगवेगळ्या कारागिरांचे आटे एकमेकांत सहसा बसत नाहीत, त्यामुळे त्याची पुन्हा समई होण्याची शक्यता कमीच. तो हळदीकुंकवाच्या तबकात उभा राहिला तर माझ्या मते त्यात काहीही गैर नाही, उलट भट्टीत जाण्यापेक्षा ते कितीतरी चांगले.

चकाकीसाठी चिंच आणि मीठ पुरे; नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडे पुसावे, नाहीतर पितळ अधिकच काळवंडते. नावाच्या जागी तारेची घासणी फिरवू नये, ठिपके आधीच झिजलेले असतात.

उत्तर : भंडारा

भांड्यांच्या व्यवसायाचे गाव असल्याने खाण्याच्या पदार्थांबद्दल थोडे सांगतो. कोरडा तिळगूळ तास-दोन तास पितळेत राहिला तर काही बिघडत नाही, परंतु कल्हई नसलेल्या पितळेत आंबट किंवा खारट पदार्थ कधीही ठेवू नये. कल्हई म्हणजे कथलाचा थर आणि कथील सुमारे २३२ अंशांना वितळते, म्हणून कल्हई केलेली परात कोरडी विस्तवावर तापवू नये. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी मुळीच नसते. तो तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे, त्यामुळे त्यावरही आंबट नको. खरी काळजी घ्यायची ती जुन्या चिनीमातीची, कारण जुन्या झिलईत आणि रंगात शिसे असू शकते आणि ते डोळ्यांनी ओळखता येत नाही. झिलईला जाळीसारख्या बारीक चिरा असतील तर त्या बशीत फक्त हळदीकुंकवाच्या डब्या आणि वाणाच्या वस्तू ठेवाव्यात. तिळगूळ पळसाच्या द्रोणांत ठेवला तर प्रश्नच उरत नाही आणि ते दिसतेही सुंदर.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. परातीला हात लावणार नाही, हे नक्की झाले. महालच्या ताईंना एक विचारायचे आहे : एकूण उंची किती ठेवावी? घरात लहान मुले असतात आणि पाहुण्या बायकांचे पदर तबकाला लागण्याचा संभव असतो.

उत्तर : महाल, नागपूर

उंची परातीच्या व्यासाच्या दीडपटीहून अधिक नको, म्हणजे आपल्या बाबतीत अठरा इंच ही शेवटची मर्यादा. खालच्या दोन थरांत सहा इंच आणि वर पाच इंच मोकळे ठेवले तर हात सहज आत जातो. जड वस्तू, म्हणजे वाणाची भांडी आणि तिळगुळाचे द्रोण, परातीतच असू द्या. सर्वांत वर फुले किंवा तान्ह्या पोळ्याचा एखादा छोटा लाकडी नंदी पुरे. अडणीच्या पायांखाली मऊ मेणाच्या गोळ्या दाबून बसवल्या की धक्का लागला तरी ती सरकत नाही. अडणी घ्यायला जाल तेव्हा बशी सोबत न्या आणि दुकानातच सपाट जागेवर ठेवून पाहा. जुन्या अडण्यांचा एखादा पाय वाकलेला असतो आणि तो तिथेच सरळ करून मिळतो.