हायब्रिड गीज: नुसती पिसं-पाय बघून आईबाप सांगता येतात का?

थेम्सकाठचा: इथे इंग्लंडात रेडिंगला नदीवर कॅनडा गीज आणि ग्रेलॅग (दोन्ही गूज, म्हणजे हंसासारख्या पाणपक्ष्याच्या जाती) एकत्र चरतात, त्यात एखादा धड ना हा धड ना तो असा पक्षी सापडतोच. फोटो टाकला की पाच मिनिटांत लोक 'कॅनडा-ग्रेलॅग हायब्रिड' असा शिक्का मारून मोकळे. माझ्या मते हा निव्वळ अंदाज आहे. संकराचं पिल्लू आईबापांची सरासरी नसतं, कधी चोचीच्या मुळाशी पांढरं येतं आणि मग कोणीतरी बिचाऱ्या व्हाइट-फ्रंटेडला (चोचीच्या मुळाशी पांढरा पट्टा असलेली तिसरी गूज) मधे ओढतो. घरट्यावर जोडी पाहिली नसेल किंवा डीएनए नसेल तर फक्त 'हायब्रिड गूज' लिहा, पुढे जाऊ नका.

चोचपाहू: काहीही! डीएनए तर आपण चिमणीचाही बघत नाही. कॅनडाचे पाय आणि चोच काळीकुट्ट, ग्रेलॅगचे पाय गुलाबी, चोच नारिंगी. संकराचे पाय मळकट नारिंगी दिसतात, चोच काळपट पण मधे गुलाबट डाग. कॅनडाच्या गालावरचा पांढरा पट्टा कापल्यासारखा स्वच्छ असतो, याचा तोच पांढरा रंग फिस्कटून तोंडभर पसरलेला. आणि मान बघ, ग्रेलॅगच्या मानेवर पिसांच्या खोल चुण्या असतात, कॅनडाची मान गुळगुळीत, संकराला त्या चुण्या पुसट का होईना पण दिसतात. हे सगळं एकाच पक्ष्यात असेल तर तिसरा बाप आणायचा कुठून??

माळरानवाली: गालावर फार जाऊ नका. रंगद्रव्य कमी असलेल्या साध्या कॅनडालाही तोंडावर पांढरे ठिपके येतात, पण त्याचे पाय-चोच बहुतेक वेळा काळेच राहतात. आणि निम्म्या फोटोंत पाय पाण्याखाली! आमच्याकडे जायकवाडीलाही तेच, पट्टकदंबाच्या (बार-हेडेड गूजच्या) पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लांना डोक्यावर ते दोन काळे पट्टे नसतात, लगेच कोणीतरी हायब्रिड म्हणून ओरडतं.

थेम्सकाठचा: @चोचपाहू तिसरा बाप तळ्यावरच आहे की, पाळीव! युरोपातले पाळीव गीज मुळात ग्रेलॅगपासूनच झालेत, मग तुझे नारिंगी पाय रानातल्या ग्रेलॅगचे की कोणाच्या फार्ममधून सुटलेल्याचे? आणि इथला कॅनडाही मूळचा नाही, १७व्या शतकात बागांच्या शोभेला आणलेला.

चोचपाहू: पाळीव रक्त असलं की पोट मागून जमिनीला टेकायला आलेलं असतं आणि अंग बोजड, कळतं ते. कुठेतरी पांढरी पिसंही निघतात.

थेम्सकाठचा: पहिल्या पिढीत कळत असेल. पुढे?

सॅक्रामेंटोकर: तुमचं तरी सोपं आहे हो, इकडे कॅलिफोर्नियात स्नो गूज आणि रॉस गूज, दोघेही पांढरेशुभ्र, पंखांची टोकं काळी. स्नोच्या चोचीच्या कडेला काळी फट, दात विचकल्यासारखी. रॉसला ती जवळजवळ नसते, चोच आखूड, मुळाशी निळसर चामखिळी आणि पिसांची हद्द सरळ उभी, स्नोची मात्र बाक घेतलेली. संकराला फट थोडीशी, चोच मधल्या मापाची. पण वयाने लहान रॉसला चामखिळी नसतात, स्नोची मादी चणीने बारीक असते, आणि हे संकर पुन्हा मूळ जातींशी जोड्या जमवतात, मग ओळखा! म्हणून ईबर्डवर (पक्षीनोंदी टाकायची वेबसाइट) 'स्नो/रॉस' आणि 'स्नो-रॉस हायब्रिड' असे दोन वेगळे पर्याय आहेत. पहिला म्हणजे दोघांपैकी एक पण नक्की कोण ते ठरलं नाही, दुसरा म्हणजे मिश्रणच. लोक डोळे मिटून कुठलाही दाबतात.

माळरानवाली: +१, हे पिन करा कोणीतरी.

चोचपाहू: पण पर्याय दिलाय म्हणजे दिसण्यावरून संकर ओळखता येतो हे त्यांनीही मानलंच ना! मी कॅनडा-ग्रेलॅगच लिहिणार, शंका असेल तर कॉमेंटमध्ये 'बहुधा' टाकतो.

थेम्सकाठचा: अरे भावा, 'बहुधा' कॉमेंटमध्ये राहतं आणि आकड्यात तुझा ग्रेलॅग जातो. डेटा उतरवून घेणारा कॉमेंट वाचत बसत नाही.