एटीव्हीने ओंडके ओढायला विंच कुठला घ्यावा?

लांजेकर: मंडळी, वादळात पडलेले आंब्याचे नि आकेशियाचे ओंडके पऱ्यातनं (ओढ्यातनं) वर काढायचेत, उतार खडा आहे, ट्रॅक्टर खाली जात नाही. ५०० सीसीची एटीव्ही (कच्च्या वाटेवरची चार जाड चाकांची छोटी गाडी) आहे. मोठा ओंडका ६ फूट लांब, दीड फूट जाड. २५०० पाउंड ओढीचा विंच (गाडीला लावायचं, मोटरने दोर गुंडाळत ओढणारं यंत्र) पुरेल की ३५०० चा घेऊ? आणि वायर की सिंथेटिक दोरी?

बागवाला: ओलं लाकूड पाण्याइतकंच जड धर, म्हणजे ३०० किलोच्या आसपास. २५०० पाउंड म्हणजे साधारण ११३० किलो, भरपूर वाटतं, पण तो आकडा ड्रमवर, म्हणजे विंचच्या रिळावर, दोराचा एकच थर असतानाचा, थर चढत गेले की ओढ कमी होते आणि ओंडक्याचं तोंड चिखलात रुतलं तर काही विचारू नकोस. ३५०० च घे.

गुहागरकर: वायर नको रे. आमच्या खाऱ्या हवेत गंजली, सुटलेली तार हातमोज्यातनं बोटात घुसली. सिंथेटिक हलकी असते, पण जांभ्याच्या कडेवर घासली की कापते, तिथे जाड गोणपाट घाल. फेअरलीड (दोरी ज्यातनं विंचवर जाते ती चौकट) गुळगुळीत ॲल्युमिनियमचा.

बागवाला: आणि एक कप्पी घेच, ओंडक्याला लावून दोरीचं टोक परत वर झाडाला बांधलंस की ओढ जवळजवळ दुप्पट, वेग निम्मा. इंजिन चालू ठेव नाहीतर बॅटरी बसेल. गाडी मागनं झाडाला बांध, तीच घसरत खाली जाते.

लांजेकर: गाडी बांधायचं डोक्यातच नव्हतं! ३५०० चा आणि सिंथेटिक, ठरलं.